लक्षण आणि लहर

वर्तमानपत्रातले राशिभविष्य म्हणजे निव्वळ थोतांड, असे छातीठोकपणे सांगणारी माणसेसुद्धा ‘अचानक धनलाभ’ हे दोन शब्द दिसले की ते आपल्याच राशीखाली छापले आहेत ना, हे हळूच पुन्हा पाहून घेतात. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तेव्हापासून कितीतरी घरांत ते तिकीट देवाच्या तसबिरीमागे ठेवले गेले आणि पहिले बक्षीस लागल्यावर काय करायचे याचे बेत आखले गेले. हे बेत बहुधा सारखेच असतात: बहिणीचे लग्न, घरावर स्लॅब, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन, आणि शेवटी थोडे लाजत, एक मोटारसायकल. माणूस स्वप्नातसुद्धा शहाण्यासारखा खर्च करतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

‘वेलकम टू मी’ या अमेरिकन चित्रपटातल्या अ‍ॅलिस क्लीगचा बेत मात्र यांपैकी कशातच बसत नाही. शिरा पिव्हेन या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट २०१४ साली टोरंटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. पटकथा एलियट लॉरेन्स याची. अ‍ॅलिस कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्ट नावाच्या गावात एकटी राहते. घटस्फोट झालेला आहे, घरात हंसांच्या मूर्ती भरलेल्या आहेत, आणि टेलिव्हिजन वर्षानुवर्षे बंद म्हणून झालेला नाही. ओप्रा विन्फ्रीच्या जुन्या कार्यक्रमांच्या फिती ती इतक्यांदा पाहते की तिला त्यातले संवाद तोंडपाठ आहेत. तिला ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हा मानसिक आजार आहे. एके दिवशी तिला लॉटरीचे ८ कोटी ६० लाख डॉलर लागतात. ती औषधे बंद करते, घर सोडून एका कॅसिनोच्या हॉटेलात राहायला जाते, आणि बुडायला आलेल्या एका लहानशा टेलिव्हिजन कंपनीच्या दारात जाऊन सांगते, मला माझ्यावर एक कार्यक्रम करायचा आहे. कशावर? माझ्यावर. पाहुणे कोण? कोणी नाही. मीच. शंभर भागांसाठी ती दीड कोटी डॉलरचा धनादेश फाडून देते.

त्यानंतर पडद्यावर जे घडते ते ऐकीव वर्णनात निव्वळ फार्स वाटेल. अ‍ॅलिस हंसाच्या आकाराच्या नावेतून रंगमंचावर येते. कॅमेऱ्यासमोर बसून मांसाचा केक खाते, मिनिटामागून मिनिटे, एक शब्द न बोलता. लहानपणी आणि तरुणपणी ज्यांनी ज्यांनी तिला दुखवले त्या प्रसंगांची नाटके नट आणून बसवते, आणि मूळ माणसांची नावे न बदलता. एका जुन्या मैत्रिणीने आपल्या प्रसाधनाच्या पिशवीला हात लावला होता, हा तिचा किती वर्षांपूर्वीचा राग! तो सबंध प्रदेशाला ऐकवला जातो. पुढे ती चालू कार्यक्रमात कुत्र्यांची नसबंदी करते, कारण एके काळी ती प्राण्यांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. क्रिस्टन विग हे सगळे इतक्या सरळ चेहऱ्याने करते की आपल्याला हसू येते आणि ते घशात अडकते.

आमच्या सात-आठ जणांच्या चर्चेत या अडकलेल्या हसण्यावरूनच वाद झाला. मानसशास्त्र विषय घेतलेल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की आजारी बाईला पडद्यावर बसवून तिच्या चाळ्यांवर प्रेक्षकांना हसवणे हा असभ्यपणा आहे; क्षयरोग्याच्या खोकल्यावर विनोद केलेला आपण खपवून घेऊ का? प्रश्न बिनतोड वाटतो. आपल्या नाटक-सिनेमांत ‘वेडा’ हे पात्र पिढ्यान्‌पिढ्या हशा वसूल करण्यासाठीच वापरले गेले आहे, आणि ‘ह्याला ठाण्याला पोचवा रे’ किंवा ‘येरवड्यात एक खाट रिकामी आहे’ हे विनोद आपण सगळ्यांनी केलेले आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया आणि ‘कासव’ मध्ये नैराश्य हे विषय ज्या गांभीर्याने आणि मायेने हाताळले, त्यानंतर तरी त्या जुन्या हशाकडे परत जाणे शोभत नाही, असे ती म्हणाली. मला तिचे म्हणणे मान्य आहे आणि तरीही हा चित्रपट असभ्य वाटत नाही. कारण माझ्या मते या चित्रपटातला विनोद अ‍ॅलिसवर नाहीच. ती बिचारी संपूर्ण चित्रपटात एकदाही विनोद करत नाही. विनोद आहे तो तिच्या भोवती खुर्च्या मांडून बसलेल्या शहाण्यांवर.

तो धनादेशाचा प्रसंग नीट पाहावा. कंपनी दोघा भावांची आहे. एक भाऊ पडद्यावर आरोग्याच्या वस्तू विकणारा, जरा हळवा. दुसरा हिशेब पाहणारा. दोघांनाही पहिल्या पाच मिनिटांत कळते की समोरच्या बाईचे काहीतरी बिनसलेले आहे. ती कार्यक्रमाविषयी जे सांगते त्यात ना रूप आहे ना हेतू. एरवी असा माणूस दारात आला असता तर पहारेकऱ्याला हाक मारली गेली असती. पण आकडा उच्चारला जातो, आणि हिशेब पाहणाऱ्या भावाच्या चेहऱ्यावर एक विलक्षण समजूतदारपणा पसरतो. मग तिला काय हवे ते विचारले जाते. नाव? मिळेल. हंस? मिळेल. स्टुडिओत आपल्या घराची हुबेहूब प्रतिकृती? तीही मिळेल. मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदा जे देऊ शकत नव्हता, म्हणजे बिनशर्त होकार, तो या माणसांनी तिला एका दुपारी दिला. ‘असतील शिते तर जमतील भुते’ ही म्हण आपण सहसा भुतांना हिणवण्यासाठी वापरतो. त्या भुतांच्या मधोमध बसलेल्या माणसाला ती सगळी आपली जिवाभावाची वाटत असतात, ही गोष्ट म्हणीत येत नाही; या चित्रपटात येते.

कंपनीतली काही माणसे आतल्या आत चरफडतात, एक बाई तर वैतागून काम सोडून जाते. पण कार्यक्रम चालू राहतो. आणि मग येतो मला सर्वांत झोंबलेला माणूस: एक तरुण विद्यार्थी. त्याला अ‍ॅलिसच्या कार्यक्रमात कलेचा काही नवाच प्रयोग दिसतो. तिचे ते मुकाट खाणे, ती जुनी भांडणे, सगळे त्याला क्रांतिकारक वाटते, आणि तो वही-पेन्सिल घेऊन तिची मुलाखत घ्यायला येतो. पैशाच्या लोभाने गप्प बसलेले भाऊ निदान आपण काय करतो ते जाणून आहेत. हा पोरगा मात्र तिच्या दुखण्यावर अभिप्राय लिहितो आणि त्याला आपण रसिक आहोत असे वाटते. आमच्यासारख्या, कलाशाखेत शिकून कशालाही ‘प्रयोग’ म्हणायला सवकलेल्या मुलामुलींनी हा प्रसंग दोनदा पाहावा.

येथे आजाराविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण चित्रपट त्याविषयी घाईने बोलतो. ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे सीमेवरचा, हे नाव जुन्या समजुतीतून आले. १९३८ मध्ये अ‍ॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने जे रुग्ण ना धड या गटात ना त्या गटात बसत होते त्यांच्यासाठी हा शब्द वापरला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत हा विकार स्वतंत्र नावाने आला तो १९८० मध्ये. नाते तुटेल याची सतत भीती, त्या भीतीपोटी माणसाला एकदा डोक्यावर घेणे आणि एकदा पायदळी तुडवणे, आपण कोण आहोत याचीच खात्री नसणे, आणि उतावीळपणे पैसा, शरीर, जीव काहीही पणाला लावणे ही त्याची काही लक्षणे. अ‍ॅलिसच्या आयुष्यातही निदानाची नावे वेळोवेळी बदललेली आहेत, आणि ती ही नावे जुन्या पत्त्यांसारखी सांगते. हा तपशील मला फार खरा वाटला.

पण एका ठिकाणी चित्रपट सोपा मार्ग धरतो. तिने गोळ्या बंद केल्या आणि म्हणून सगळे बिघडले, असा त्याचा सूर आहे. वास्तविक या विशिष्ट विकारावर मुख्य उपचार मानला जातो तो दीर्घकाळ चालणारा, शिस्तीचा मानसोपचार. औषधे लागली तर सोबतीला. मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांसाठी एक उपचारपद्धती उभी केली. तिचा गाभा असा, की रुग्णाला आहे तसे स्वीकारायचे आणि त्याच वेळी बदलायलाही लावायचे. पुढे २०११ मध्ये लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितले, की तरुणपणी त्या स्वतःच रुग्णालयात होत्या. आता या पद्धतीकडून अ‍ॅलिसच्या पैशाकडे पाहावे. स्वीकार आणि अटकाव या दोहोंवर जो उपचार उभा आहे, त्यातला अटकाव पैशाने एका झटक्यात विकत घेऊन फेकून देता येतो. ‘हे करू नकोस’ म्हणणारा डॉक्टर असो, शेजारी असो, भाऊ असो, त्याच्याकडे जाणेच बंद करता येते. अ‍ॅलिस तेच करते. गोळ्या बंद करणे हा त्याचा एक लहानसा भाग झाला.

हे मी केवळ चित्रपटावरून म्हणत नाही. माझ्या आईचे एक चुलतभाऊ होते, मी त्यांना मामाच म्हणे. त्यांना उन्माद आणि औदासीन्य यांचे आलटून पालटून झटके येत. रस्त्याच्या रुंदीकरणात त्यांची थोडी जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम एकदम हातात पडली. नेमके तेव्हा त्यांचे मन चढतीला होते. रात्र रात्र झोप नाही, बोलण्याला खंड नाही. तालुक्याच्या गावी जाऊन त्यांनी चार शिलाई यंत्रे घेतली. घरात शिवण कोणालाच येत नव्हते. भर चैत्रात चाळीस छत्र्या आणल्या आणि एसटी स्टँडवर येईल त्याला वाटल्या. गावात त्यांना त्या चार महिन्यांत ‘दिलदार माणूस’ म्हणत. हॉटेलातल्या बाकावर त्यांच्यासाठी जागा सोडली जाई. मामी एकदा त्या दुकानदाराकडे गेल्या, म्हणाल्या, ह्यांची तब्येत बरी नाही, ह्यांना काही देत जाऊ नका. तो म्हणाला, “वहिनी, आम्ही दुकान उघडून बसलोय, दवाखाना नाही.” पैसे संपले. झटका मात्र अजून उतरला नव्हता. मामा तसेच बोलत होते, तसेच हिंडत होते. फरक इतकाच झाला, की त्याच बाकावरची माणसे आता म्हणू लागली, ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ मामांचा आजार होता तिथेच होता. बदलली होती ती त्यांची शिल्लक.

गरिबाच्या बाबतीत जे लक्षण ठरते ते श्रीमंताच्या बाबतीत लहर ठरते. हा न्याय फक्त आपल्या गावचा किंवा फक्त अमेरिकेचा नाही. ‘वेलकम टू मी’च्या बेचाळीस वर्षे आधी, १९७२ मध्ये, इंग्लंडमध्ये पीटर मेडॅक याने ‘द रूलिंग क्लास’ नावाचा चित्रपट काढला होता. तो पीटर बार्न्स याच्या १९६८ च्या नाटकावर आधारलेला आहे. त्यातही वेड आहे, अनपेक्षितपणे आलेले ऐश्वर्य आहे, आणि विनोद तर इतका काळा आहे की अ‍ॅलिसची गोष्ट त्याच्यापुढे बालनाट्य वाटावी. मला स्वतःला तो अधिक मोठा चित्रपट वाटतो. लांबीनेही, अडीच तासांहून अधिक.

त्यात तेरावा अर्ल ऑफ गर्नी गळफासाच्या एका विकृत खेळात अपघाताने मरतो, आणि सगळी जहागीर, लॉर्डपद आणि उमरावांच्या सभागृहातली जागा जाते त्याच्या मुलाकडे, जॅककडे. जॅक अनेक वर्षे इस्पितळात आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे आणि आपण साक्षात परमेश्वर आहोत अशी त्याची खात्री आहे. पीटर ओटूल याने ही भूमिका केली आणि तिच्यासाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. हा परमेश्वर दिवाणखान्यात उभारलेल्या क्रुसावर उभ्याने विश्रांती घेतो, भेटेल त्याला प्रेमाचा उपदेश करतो, मध्येच गातो, नाचतो, आणि कोणी नकोसे सत्य सांगितले तर ते एका काल्पनिक प्रेशर कुकरमध्ये घालून वाफ करून टाकतो. नातेवाईक घाबरतात. देव असल्यामुळे नव्हे. देव सर्वांना समान मानतो म्हणून. काकाचा बेत असा, की आपल्या ठेवलेल्या बाईशी याचे लग्न लावायचे, वारस जन्माला घालायचा आणि मग याला कायमचे कोंडायचे. लग्न होते. पंचाईत अशी, की ती बाई त्याच्यावर खरेच प्रेम करू लागते.

दरम्यान डॉक्टर हर्डर हा मानसोपचारतज्ज्ञ जॅकला बरे करण्याचा विडा उचलतो. ज्या रात्री मूल जन्मते त्याच रात्री तो जॅकसमोर दुसरा एक रुग्ण आणून उभा करतो. तोही स्वतःला देवच समजणारा, पण विजेचा, सूडाचा देव. दोन देवांच्या झटापटीत जॅक मोडतो आणि म्हणतो, मी जॅक आहे. सगळ्यांना वाटते, बरा झाला! काका तरीही न्यायालयाचा तज्ज्ञ बोलावतो, की हा वेडाच ठरावा. तज्ज्ञ येतो, चौकशी करू लागतो, आणि बोलता बोलता निघते की दोघेही ईटनच्या शाळेचे विद्यार्थी. मग दोघे मिळून शाळेचे गाणे म्हणतात आणि जॅकला शहाणपणाचा दाखला मिळतो. तो जॅक आहे हे खरेच. पण तो आता स्वतःला १८८८ च्या लंडनमधला स्त्रियांचे खून पाडणारा जॅक द रिपर समजतो आहे. काळा पोशाख, ताठ मान, फटके आणि फाशी यांच्या बाजूने सणसणीत मते. घरातले पाहुणे म्हणतात, आता कसा अगदी आपल्यातला वाटतो! तो काकूचा खून करतो. आळ जातो बटलरवर. शेवटी उमरावांच्या सभागृहात तो शिक्षेची महती सांगणारे भाषण करतो आणि कोळिष्टके चढलेली प्रेते बाकांवरून त्याला उठून दाद देतात.

त्या बटलरविषयी येथे जरा थांबतो, कारण अचानक धनलाभाची त्या चित्रपटातली सर्वांत गमतीची नोंद त्याच्याकडे आहे. म्हाताऱ्या अर्लने मृत्युपत्रात टकर या नोकराला बरीच मोठी रक्कम ठेवली. टकर आतून साम्यवादी, आयुष्यभर वाकून वाकून कंबर गेलेला. पैसे मिळाल्यावर तो नोकरी सोडून जाईल असे सर्वांना वाटते. तो जात नाही! तिथेच राहतो, दारू पितो, आणि मालकांना तोंडावर शिव्या घालत चहा देतो. आर्थर लो या नटाने हे असे केले आहे, की दुसऱ्या कोणाला त्यातले काही सुचले नसते. पण खुनाचा आळ कोणावर टाकायचा हा प्रश्न आला तेव्हा घरातल्या सर्वांना एकाच क्षणी टकर आठवतो. नव्या पैशाला लहरी असण्याची परवानगी नसते. ती जुन्या पैशालाच.

या प्रसंगांवर हसताना आपण हे इंग्रजांचे आहे म्हणून मोकळे होऊ शकत नाही. इंग्रजांच्या कायद्याच्या धर्तीवरच आपल्याकडे १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’ आला, आणि तो १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत टिकला. या दोन्ही कायद्यांत मालमत्ता असलेल्या मनोरुग्णाची न्यायालयीन चौकशी करण्याची स्वतंत्र तरतूद होती, आणि नातेवाईक तसा अर्ज करू शकत. हेतू रुग्णाच्या संरक्षणाचा होता हे मान्य. पण अर्जदार बहुधा कोण असणार? ज्याला मालमत्तेत रस आहे तोच. जॅकच्या काकासारखी माणसे निर्माण करायला नाटककार लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही चौकशीची व्यवस्था ठेवली नाही. शिवाय त्यात एक कलम असे आहे, की एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जावरून ठरवता कामा नये, आणि तो समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक चालीरीतींशी जुळवून घेत नाही यावरूनही ठरवता कामा नये. मी ते कलम वाचले तेव्हा मला बार्न्सची आठवण झाली. कायदा लिहिणाऱ्यांना हे लिहून ठेवावेसे वाटले, याचाच अर्थ उलटे घडत आले आहे.

तरीही मी त्या कायद्याने पूर्ण निश्चिंत होत नाही. आमच्या मामांच्या चैत्रातल्या छत्र्यांना कोणत्या कलमाने अडवायचे? अडवावे का? पैसे त्यांचे होते. प्रौढ माणसाला स्वतःचे पैसे मूर्खासारखे उडवण्याचा हक्क आहे, आणि आजारी आहे म्हणून तो काढून घ्यायचा म्हटले की आपण थेट काकाच्या बाजूला जाऊन उभे राहतो. नाही काढून घ्यायचा म्हटले तर दुकानदाराच्या बाजूला. माझी मानसशास्त्राची मैत्रीण म्हणते, म्हणूनच आधी, माणूस बरा असताना, त्याच्याशी बोलून ठरवून ठेवावे. आणि २०१७ च्या कायद्यात पुढच्या उपचारांविषयी असे आगाऊ लिहून ठेवण्याची सोय आहेही. ती उपचारांपुरती आहे, खर्चापुरती नाही. शिलाई यंत्रांविषयी मामांना आगाऊ कोणी विचारले असते तर ते काय म्हणाले असते, मी सांगू शकत नाही.

‘पैसा वाईट, अचानक आलेला पैसा तर विषच’ असे या दोन चित्रपटांचे तात्पर्य काढणारे काही निघाले, तेव्हा मला राग आला. हे तात्पर्य गरिबांना गप्प बसवायला फार सोयीचे आहे. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी जिंकलेल्या २२ जणांशी बोलून असे मांडले होते, की ते इतरांपेक्षा फारसे सुखी नाहीत. तो निष्कर्ष जगभर गाजला. २२ माणसे! आमच्या वर्गात याहून जास्त मुले मागच्या बाकांवर बसतात. पुढे स्वीडनमध्ये कितीतरी अधिक लॉटरी-विजेत्यांचा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात मोठे बक्षीस मिळालेली माणसे दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळली. पैशाने सुख येत नाही ही बातमी जितक्या आवडीने छापली जाते, तितक्या आवडीने ही दुसरी छापली गेल्याचे मला दिसले नाही. तेव्हा अ‍ॅलिसला पैशाने बिघडवले असे म्हणू नये. पैसे आल्यावर जी माणसे आली त्यांनी बिघडवले, आणि जी आधीपासून होती त्यांना तिने दूर लोटले.

आधीपासून असलेल्यांत एकच खरी: जीना, तिची मैत्रीण. जीनाला स्वतःचे आयुष्य आहे, स्वतःची रडगाणी आहेत. पण गेली कितीक वर्षे त्या दोघींच्या संभाषणात अ‍ॅलिसचाच विषय असतो, आणि जीना ऐकत आली आहे. मैत्रीण लक्षाधीश झाल्यावरही ती तशीच ऐकते, आणि काही मागत नाही. एका प्रसंगी मात्र तिचा बांध फुटतो आणि ती अ‍ॅलिसला तोंडावर सांगते की तू कधी मला विचारलेच नाहीस. संपूर्ण चित्रपटात अ‍ॅलिसला रुग्ण न समजता, गिऱ्हाईकही न समजता, नुसते मैत्रीण समजून भांडणारे हे एकच माणूस. तिच्याशी कोणी भांडणे म्हणजे तिला माणसांत धरणे होते. लिंडा कार्डेलिनीने हा प्रसंग आवाज न चढवता केला आहे. त्यानंतर अ‍ॅलिस कोसळते, कॅसिनोच्या गर्दीतून उघड्या अंगाने चालत जाते. तेथे मात्र प्रेक्षागृहात कोणी हसत नाही. आमच्यापैकी तरी कोणी हसले नाही.

शेवटाविषयी माझी तक्रार आहे. सावरलेली अ‍ॅलिस शेवटच्या भागात त्या कुत्र्यांना घरे मिळवून देते, आणि जीनाला सगळ्यांसमोर पैसे देऊन आपली चूक कबूल करते. टाळ्या पडतात. दिग्दर्शिकेला हे गोड वाटले असावे. मला वाटते ती येथे अ‍ॅलिसच्याच जुन्या सवयीला शरण गेली. पुन्हा धनादेश, पुन्हा कॅमेरा, पुन्हा प्रेक्षक. जीनाने काय मागितले होते? अ‍ॅलिसने एकदा तिला विचारावे, तू कशी आहेस, आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसावे. तेवढा एक प्रसंग, दोघी एखाद्या स्वयंपाकघरात, टेलिव्हिजन बंद, कोणी पाहत नाही, असा दाखवला असता तर मी त्या मैत्रिणीच्या आक्षेपाला चर्चेत जरा अधिक जोरात उत्तर देऊ शकलो असतो. तो प्रसंग चित्रपटात नाही.